जुनी प्रत

शिळं म्हणून जे काही असेल ते यज्ञेश्वर गुरुजींना चालायचं नाही. शिळं पाणी नाही, शिळी फुलं नाहीत, शिळा रागसुद्धा नाही. राग आला तर ताजाच, आणि तोही घटकाभर. सकाळी देवासमोर बसले की पहिलं काम निर्माल्य काढायचं. कालच्या फुलांची एखादी पाकळी जरी ताम्हनात राहिली, तरी बायकोला, जयूताईंना, हाक जायची. "आधी कालचं काढा, मग आजचं वाहा," हे वाक्य रामघाटावर त्यांनी इतक्या यजमानांना सुनावलं होतं, की शेजारचे पंडे त्यांची नक्कल करायला बसले की नेमकं तेच म्हणायचे. पुढे जे झालं ते याच सवयीपायी झालं, म्हणून हे आधी सांगून ठेवलं. नाहीतर माणूस वाईट होता असं वाटायचं, आणि तसा तो अजिबात नव्हता.

घराणं शिंदे सरकारच्या काळात कधीतरी पुण्याकडून इकडे उज्जैनला आलं आणि क्षिप्रेच्या काठावर रुजलं. आता राहायला नानाखेड्याला फ्लॅट, आणि बसायला रामघाटावर एक मोठी छत्री. महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसांचं श्राद्ध, तर्पण, पूजा हे सगळं गुरुजींकडे. त्या माणसांची एक पंचाईत ठरलेली. उज्जैनचा श्रावण महाराष्ट्राच्या आधी पंधरा दिवस लागतो. घरच्या कॅलेंडरवर विसंबून लोक निघायचे आणि इथे पोहोचावं तर श्रावण अर्धा सरलेला. मग गुरुजी चिडायचे, लोक हिरमुसायचे.

त्यावर तोड काढली मंदारने. मंदार म्हणजे गुरुजींचा एकुलता एक मुलगा. कॉम्प्युटरमधला, घरूनच काम करणारा. त्याने बापाच्या नावाने वेबसाइट काढली. एका बाजूला इथल्या तिथी, एका बाजूला महाराष्ट्रातल्या, खाली गुरुजींचा नंबर. दर पाडव्याला नव्या वर्षाच्या तिथी आपोआप चढतील अशी सोय. ती सगळी वेबसाइट त्याच्याच खोलीत टेबलाखाली ठेवलेल्या एका काळ्या मशीनवर चालायची. "दुसऱ्याच्या दारात कशाला ठेवायची, आपल्या घरची आहे तर घरातच राहू दे," असं त्याचं म्हणणं. यात तो अगदी बापावर गेला होता.

आणि त्या पानावर त्याचा आवाज होता. एक बटण दाबलं की मंदार बोलायचा.

"नमस्कार, मी मंदार. नानाखेड्याला बसमधून उतरलात की घाई करू नका. आधी चहा घ्या. मग ई-रिक्शावाल्याला म्हणा, रामघाट. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, सावकाश उतरा. खाली मोठ्या छत्रीखाली बाबा बसलेले दिसतील. ते जरा कडक बोलतात, मनावर घेऊ नका."

शेवटचं वाक्य काढ म्हणून गुरुजींनी किती आकांडतांडव केलं. मंदार हसायचा आणि म्हणायचा, "बाबा, तुम्ही कडक बोलणं सोडा, मी वाक्य काढतो." दोघांनीही काही सोडलं नाही.

फाल्गुनात इंदूरहून परत येताना एका ट्रकने मंदारला उडवलं. हेल्मेट होतं, तरी गेला. फोनचाही चुरा झाला. आता तुम्ही म्हणाल, हल्ली आवाज काय, कोणाचाही कुठेही सापडतो. तर या घरात नाही सापडला. फोटो-व्हिडिओ काढणारा तोच, त्यामुळे तो कुठेच नाही. आईचा फोन भरला म्हणून तिचे सगळे निरोप त्यानेच पुसून दिलेले. एका लग्नाच्या व्हिडिओत तो काहीतरी बोलताना दिसतो, पण त्यावर बँड वाजतोय. एवढ्या बडबड्या मुलाचा आवाज उरला तो फक्त त्या पानावर.

जयूताई रोज दुपारी ओटा आवरला की मंदारच्या खोलीत जाऊन बसायच्या आणि फोनवर ते बटण दाबायच्या. एकदाच. दुसऱ्यांदा दाबायच्या नाहीत. गुरुजी बाहेर पेपर धरून बसलेले असायचे. त्यांनी स्वतः ते बटण कधी दाबलं नाही, त्यांच्याने झालंच नसतं. पण दार नेहमी थोडं उघडं असायचं, आणि 'मनावर घेऊ नका' येईपर्यंत पेपरचं पान उलटत नसे. नंतर जयूताई चहा टाकायच्या. दोघं त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

पुढच्या श्रावणात वेबसाइट आजारी पडल्यासारखी झाली. पान उघडता उघडेना. मंदारच्या खोलीतलं ते मशीन दिवसभर घरघर करायला लागलं, हात लावला तर भाजेल इतकं तापायला लागलं. जयूताईंना ते ऐकवेना. टावर चौकात सुमीतचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तो मंदारचा शाळेपासूनचा दोस्त. गुरुजींनी त्याला बोलावलं.

सुमीत मंदारच्या खुर्चीवर बसला नाही, स्टूल ओढून बसला. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाला, "काका, कोणीतरी त्रास देतंय. माणसं नाहीत, मशीनंच आहेत. सेकंदाला शेकडो वेळा दार वाजवतायत. खरे यात्रेकरू बिचारे मागे रांगेत."

"माझ्याशी कोणाचं वैर?"

"वैर कोणाचंच नाही हो. जे घर उघडं दिसलं तिथे घुसतात. बघा, यात्रेकरूला तुमचं फक्त नाव माहीत असतं. नावावरून पत्ता सांगायचं काम डीएनएसचं. ते आजवर सगळ्यांना थेट याच खोलीचा पत्ता देत होतं. सज्जनालाही, गुंडालाही. आता मी तिथे दुसरा पत्ता देऊन ठेवतो. मध्ये एक प्रॉक्सी, म्हणजे दारवान, उभा करतो. तो सगळ्यांना बाहेरच भेटेल. दांडगाई करणारा दिसला की तिथूनच वापस. आणि मंदारच्या पानाच्या प्रती तो स्वतःजवळ ठेवेल, मुंबईत, दिल्लीत, ठिकठिकाणी. पुण्याच्या माणसाला मुंबईतलीच प्रत मिळेल, इथवर यायची गरजच नाही. झटकन उघडेल. या मशीनला आराम."

दारातून जयूताईंनी विचारलं, "आणि त्याचा आवाज?"

"आवाजसुद्धा काकू."

"लाइट गेली तर?"

"लाइट गेली तरी प्रत दिसत राहील. मी तसंच लावून देतो. फिकर नका करू." मग गुरुजींच्या फोनवर त्याने एक बटण दाखवलं. "कधी पान जुनं दिसायला लागलं तर हे दाबायचं. सगळ्या जुन्या प्रती निघून जातात, मागाहून ताजी येते."

"म्हणजे निर्माल्य काढायचं," गुरुजी म्हणाले.

सुमीतला हसू आलं. त्या खोलीत कितीतरी महिन्यांनी कोणी हसलं असेल. "बिलकुल काका. निर्माल्यच." सगळ्या बोलण्यातलं गुरुजींना नीट कळलं ते एवढंच. जे कळलं त्यानेच पुढे घात केला.

काम मात्र झकास झालं. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायला लागलं. मशीनची घरघर थांबली. यजमानांचे फोन वाढले. बरेचजण विचारायचे, "तो रस्ता सांगणारा मुलगा कोण हो? फार गोड बोलतो." फोन जयूताईंनी घेतला असला तर त्या सांगायच्या, "आमचा मंदार. बाहेरगावी असतो." गुरुजी हे ऐकायचे. उभ्या जन्मात बायकोला खोटं बोलू न दिलेला माणूस, पण यावर त्यांनी तिला कधी टोकलं नाही.

मग वर्ष फिरलं. वर्षश्राद्ध आलं. पुतण्या प्रसादने विधी केला, मंत्र गुरुजींनी सांगितले. बापाने मुलासाठी मंत्र सांगायचे म्हणजे काय असतं ते ज्याच्यावर आलं त्यालाच ठाऊक. आवाज कुठे चिरकला नाही, पण संकल्पात मंदारचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते दोनदा थांबले.

श्राद्ध झालं की गेलेल्याच्या वस्तू दान करायच्या, जीव त्यात अडकू द्यायचा नाही, हे गुरुजींनी आयुष्यभर लोकांना सांगितलेलं. रडणाऱ्या बायकांच्या हातून साड्या, घड्याळं, चष्मे सोडवून घेतलेले. आता स्वतःवर आल्यावर मागे कसं हटणार? कपडे गेले, घड्याळ गेलं. राहिलं ते मशीन. एका वेदपाठशाळेला कॉम्प्युटर हवाच होता.

"तेवढं राहू द्या हो," जयूताई म्हणाल्या. "त्यात तो आहे."

"त्यात नाही. सुमीतने सगळं वर नेलंय. थांब, दाखवतो." गुरुजी वाकले आणि त्यांनी मशीनची पिन काढली. हिरवा दिवा विझला. मग त्यांनी तिच्याच फोनवर पान उघडलं. झटकन उघडलं. जयूताईंनी भीतभीत बटण दाबलं.

"नमस्कार, मी मंदार. नानाखेड्याला बसमधून उतरलात की घाई करू नका..."

दोघं त्या बंद मशीनपाशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. जयूताईंच्या डोळ्यांना धार लागली, पण चेहऱ्यावरचा ताण गेला. "मग द्या," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मशीन पाठशाळेत गेलं. सुमीतला विचारावं असं गुरुजींच्या मनातही आलं नाही. दान करायचं तर टावर चौकातल्या दुकानदाराला काय विचारायचं? त्यानंतर पाडवा आला, गुढी न उभारताच गेला.

भाद्रपदात पितृपक्षाचे फोन सुरू झाले आणि घोटाळा दिसायला लागला. पानावर तिथींच्या तारखा गेल्या वर्षीच्याच. गुरुजी फोनवर एकेकाला दुरुस्त करून सांगत होते. पण फोन न करताच निघणारेही असतात. सोलापूरकडचं एक नवराबायकोचं जोडपं तसंच घाटावर येऊन उभं राहिलं. मुलगा अपघातात गेलेला, त्याचं चतुर्दशीचं श्राद्ध करायचं होतं.

गुरुजी सवयीने भडकले. "चतुर्दशी आज कुठली? शिकलेसवरलेले तुम्ही, तिथी बघून निघता येत नाही?"

त्या माणसाने मुकाट्याने फोन पुढे केला. "तुमच्याच पानावर आजची तारीख आहे, गुरुजी." आणि त्याची बायको हळूच म्हणाली, "असू द्या हो. ते कडक बोलतात, मनावर घेऊ नका असं तो मुलगा सांगतोच आहे."

गुरुजींना कुठे तोंड लपवावं असं झालं. त्यांनी हात जोडून त्या दोघांची माफी मागितली, धर्मशाळेत राहायची सोय लावून दिली. पण मनाला टोचणी लागली ती लागलीच. मुलगा गेलेल्या आईबापांना आपल्या मुलाच्या पानाने चुकीचा दिवस सांगितला. मंदार असता तर हे झालं असतं का? त्याच्या नावावर शिळं पान लोकांना वाढलं जातंय आणि आपण बघत बसलोय.

तर्पणाचे ओले हात त्यांनी पंच्याला पुसले, सुमीतने दाखवलेलं बटण शोधलं आणि दाबलं. जुन्या प्रती काढायच्या का, खात्री आहे का, असं फोनने विचारलं. गुरुजींनी मनाशी म्हटलं, आधी कालचं काढा. आणि होय केलं.

ताजं पान काही आलं नाही. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. येईल, वेळ लागत असेल, असं म्हणून ते पुढच्या यजमानाकडे वळले. दुपारी जयूताईंचा फोन आला. "अहो, पान उघडत नाहीये. माझा फोन बिघडला का?"

गुरुजी स्कूटर काढून थेट टावर चौकात गेले. सुमीतने त्या दोन ओळी वाचल्या. "काका, नाव बरोबर लागतंय, प्रॉक्सीही चालू आहे. पण मागे कोणी उत्तर देत नाही. घरचं मशीन बंद पडलंय का?"

"मशीन कुठलं? ते दान दिलं मी. वर्षश्राद्धाला."

गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्याला सुमीतने हातानेच थांबवलं. मग अगदी हळू म्हणाला, "काका, मी मशीनला आराम मिळेल म्हणालो होतो. पान त्याच्यातच होतं. त्या दिवसापासून जे दिसत होतं ती नुसती प्रत होती. मागे कोणी नव्हतं. म्हणून तर तिथी जुन्याच राहिल्या."

"आणि ती प्रत?"

"ती आत्ता तुम्ही काढली."

दोघं तसेच पाठशाळेत गेले. मशीन होतं, पण ज्या डिस्कवर पान होतं ती कुरकुरते म्हणून तिथल्या लोकांनी कधीच बदलून घेतलेली, जुनी भंगारात दिलेली. तिथल्या आचार्यांनी कौतुकाने सांगितलं की मशीन फार छान चालतं. सुमीत बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. "मी एक कॉपी काढून ठेवायला हवी होती. मलाच अक्कल नव्हती, काका. पान इतकं फास्ट उघडायचं, इतकं सगळं ठीक दिसायचं, कधी शंकाच नाही आली." गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोराला काय बोलणार? दोन्ही वेळा शास्त्राप्रमाणे वागून, दोन्ही वेळा आपल्याच हाताने, त्यांनी मुलाला पुसून टाकलं होतं. एकदा दान म्हणून, एकदा निर्माल्य म्हणून.

घरी सांगायचं कसं? घाटावर आलेल्या कोणालाही धीर देणाऱ्या त्या माणसाला आपल्याच घराचा जिना चढवेना. पण चढले. जयूताई मंदारच्या खोलीत बसल्या होत्या. गुरुजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. सांगता सांगता खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. वर्षश्राद्धाला रडले नव्हते ते सगळं आत्ता आलं.

जयूताई नुसत्या टेबलाखालच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. त्या दिवशी चहा झाला नाही, दिवा लावायलाही कोणी उठलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सुमीत आला. "काकू, मी नवीन साइट करून देतो. तिथी वगैरे सगळं. नाहीतर ते साइटचं नाव तरी काढून टाकतो, उगीच लोकांना ती इंग्रजी पाटी दिसते."

"नाव काढू नकोस," जयूताई म्हणाल्या. तेवढंच.

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. त्यांचा हात होईना, म्हणून जयूताईंनी घेतला. समोर एक म्हातारे गृहस्थ होते, आवाज मोठा, खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. "आम्ही उद्या निघतोय नांदेडहून. मागच्या खेपेला वेबसाइटवर एक मुलगा रस्ता सांगायचा, आता ते पान दिसत नाही. कसं यायचं ते जरा सांगता का?"

जयूताई बोलायला लागल्या.

"नानाखेड्याला बसमधून उतरलात की घाई करू नका. आधी चहा घ्या. मग ई-रिक्शावाल्याला म्हणा, रामघाट. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, सावकाश उतरा." जिथे मंदार थांबायचा तिथे त्या थांबत होत्या, जिथे तो घाई करायचा तिथे घाई. सुमीत मान खाली घालून ऐकत होता. "खाली मोठ्या छत्रीखाली बसलेले दिसतील." इथे त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. दोन-तीन दिवसांत पहिल्यांदाच. "ते जरा कडक बोलतात, मनावर घेऊ नका."

"हां, अगदी हेच," पलीकडचे गृहस्थ खूश झाले. "तो मुलगा तुमचाच का? कुठे असतो?"

गुरुजी डोळे मिटून वाट पाहत होते. बाहेरगावी असतो, हे शब्द त्यांना पाठ होते, आणि आज ते कानावर पडावेत असं त्यांना फार वाटत होतं.

"आमचाच," जयूताई म्हणाल्या. "मंदार त्याचं नाव. गेल्या फाल्गुनाच्या आधीच्या फाल्गुनात गेला तो. तुम्ही या, मात्र सावकाश या."